पाखरांची खानेसुमारी

मुलांनो, घरोघरी जाऊन माणसे मोजणारे कर्मचारी तुम्ही पाहिले असतील किंवा त्यांच्याबद्दल मोठ्यांकडून ऐकले असेल. घरात किती माणसे, मोठी किती, लहान किती, कोण काय काम करते, असे ते विचारतात आणि आपल्या कागदावर लिहून घेतात. याला मराठीत आज आपण जनगणना म्हणतो. पण जुन्या मराठी पुस्तकांत दुसरा एक शब्द सापडतो, खानेसुमारी. हा शब्द वाचताच तुम्हांला ओळखीचा वाटला ना? खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. उर्दूतली आपली मर्दुमशुमारी आणि मराठीतली ही खानेसुमारी, दोघी सख्ख्या बहिणीच आहेत.

माणसे मोजणे त्या मानाने सोपे असते. माणसाला घर असते, घराला क्रमांक असतो, आणि दारावर थाप मारली की कोणीतरी बाहेर येते. पण पाखरांचे काय? त्यांना ना दार, ना क्रमांक. त्यातही जे पाखरू क्षणभर एका जागी थांबत नाही, ते कसे मोजायचे? तरीही दर जानेवारी महिन्यात आपल्या देशातल्या शेकडो तळ्यांवर, धरणांवर आणि खाड्यांवर माणसे दुर्बिणी घेऊन पाणपक्षी मोजायला बसतात. भारतात आणि आशियाच्या इतर देशांत ही मोजणी १९८७ सालापासून चालू आहे. मोजणारे बहुतेक लोक हौसेने आलेले असतात. त्यांत शिक्षक असतात, विद्यार्थी असतात, बँकेत नोकरी करणारे असतात. त्यांना याचे पैसे मिळत नाहीत, उलट पहाटेची झोप जाते.

या पाठात आपण अशाच एका मोजणीला जाणार आहोत. जागा आहे ओरिसातले, म्हणजे आजच्या ओडिशातले चिलिका सरोवर. आणि आपण मोजणार आहोत तो पक्षी आहे सुरय.

सुरय हे नाव पुष्कळांना नवे वाटेल. इंग्रजीत याला टर्न म्हणतात. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हा पक्षी नक्की पाहिलेला असतो, फक्त नाव ठाऊक नसते. सगळे पांढरे पक्षी आपण ‘बगळे’ म्हणून एकाच टोपलीत टाकतो, त्याला काय करणार? सुरय अंगाने सडपातळ असतो. पंख लांब, निमुळते आणि टोकदार. पाठ राखाडी, पोट पांढरे. शेपटी मधोमध दुभंगलेली, अगदी आपल्या अबाबीलसारखी. म्हणूनच इंग्रज खलाशी याला समुद्रावरची अबाबील म्हणत. पाय इतके आखूड की वाळूवर बसला म्हणजे बसला आहे की उभा आहे, हेच चटकन कळत नाही. कुरव म्हणजे सीगल हा याचा चुलतभाऊ. पण कुरव जाडजूड असतो, पाण्यावर बदकासारखा तरंगत बसतो, आणि होडीतून टाकलेले शेव-चिवडेही खातो. सुरय तसा नाही. तो पाण्यावर क्वचितच बसतो आणि आपले भक्ष्य स्वतः पकडतो.

त्याचे भक्ष्य पकडणे पाहण्यासारखे असते. छोटा सुरय म्हणून एक जात आहे, जेमतेम साळुंकीएवढी. हा पाण्यापासून काही मीटर उंचीवर हवेत एकाच जागी पंख फडफडवत राहतो, मान खाली घालून पाण्यात पाहतो आणि मग दगड पडावा तसा सरळ खाली पडतो. बुडुक! वर येतो तेव्हा चोचीत चांदीच्या तुकड्यासारखी मासोळी असते. मासोळी नसली तर पुन्हा वर, पुन्हा बुडी. दहा वेळा चुकला तरी त्याला लाज वाटत नाही. आपल्याला गणिताचे एक उदाहरण चुकले तर आपण वही मिटून ठेवतो, तो भाग वेगळा.

सुरयांच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट सांगतो. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात राहणारी सुरयाची एक जात आहे. तिला आर्क्टिक सुरय म्हणतात. ती उत्तरेच्या उन्हाळ्यात तिकडे पिले वाढवते आणि तिथे थंडी सुरू झाली की थेट दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रावर जाते. ग्रीनलंडमधल्या काही पक्ष्यांच्या पायांना शास्त्रज्ञांनी अगदी हलकी यंत्रे बांधली. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात एक पक्षी सरासरी सुमारे ७० हजार किलोमीटर उडतो, असे त्यात दिसून आले. पृथ्वीचा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. आता तुम्हीच हिशेब करा. पक्ष्याचे वजन मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या लिंबाएवढे!

आर्क्टिक सुरय चिलिकाला येत नाही. तिथे येणारे सुरय वेगळे. पण त्यांना भेटण्याआधी ती जागा नीट समजून घेऊ.

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही ‘खाजण’ हा शब्द वाचला असेल. समुद्राच्या लाटा किनाऱ्याला वाळू आणून टाकतात. वर्षानुवर्षे वाळू साचून किनाऱ्यापुढे एक लांबच लांब बांध तयार होतो. त्या बांधाच्या आतल्या बाजूला पाणी अडकून राहते. ते पूर्ण अडकत नाही, एखाद्या फटीतून समुद्राचे पाणी आत-बाहेर करीत असते. अशा पाण्याला खाजण सरोवर म्हणतात. चिलिका हे भारतातले सर्वांत मोठे खाजण सरोवर आहे. त्याची लांबी सुमारे ६४ किलोमीटर. पावसाळ्यात ते फुगून ११०० चौरस किलोमीटरांहून मोठे होते आणि उन्हाळ्यात ९०० चौरस किलोमीटरांपर्यंत आक्रसते. एवढे अफाट पाणी, पण खोली विचाराल तर पुष्कळ ठिकाणी कमरेइतकी किंवा पुरुषभर. त्यामुळे तिथले नावाडी कित्येकदा वल्ह्याऐवजी लांब बांबू तळाला टेकवून होडी पुढे रेटतात.

एका बाजूने महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी चिलिकात येते, दुसऱ्या बाजूने बंगालच्या उपसागराचे खारे पाणी येते. दोन्ही मिसळून होते मचूळ पाणी. गोड्या पाण्यातले मासे, खाऱ्या पाण्यातले मासे, कोळंबी, खेकडे, सगळ्यांची तिथे सोय. जिथे मासे तिथे पक्षी, आणि जिथे मासे तिथे माणसेही आलीच. सरोवराच्या काठी मासेमारीवर जगणाऱ्यांची संख्या लाखांत आहे.

सरोवराच्या पोटात नलबण नावाचे एक बेट आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली बुडते. पाऊस सरला आणि पाणी उतरू लागले की हळूहळू वर येते. चिखल, गवत आणि उथळ पाणी, एवढेच तिथे असते. माणसाला तिथे पाय ठेवावासा वाटणार नाही. पण पाखरांना याहून चांगली जागा कुठे मिळणार? १९८७ मध्ये नलबण पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचा विस्तार साडेपंधरा चौरस किलोमीटर आहे.

चला तर मग. समजा, जानेवारीतली पहाट आहे. तुम्ही धक्क्यावर उभे आहात. अंगात स्वेटर, गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि पेन्सिल. पेन का नको? कारण होडीत पाणी उडते आणि शाई पसरते. पेन्सिलीचे अक्षर भिजले तरी राहते. पाण्यावर धुके आहे. तुमच्या होडीत चार जण आहेत. एक नावाडी, एक वनरक्षक, एक अनुभवी पक्षिनिरीक्षक आणि तुम्ही. तुमच्यासारख्या वीसएक तुकड्या सरोवराच्या वेगवेगळ्या भागांकडे एकाच वेळी निघाल्या आहेत.

एकाच वेळी का? विचार करा. तुम्ही आज नलबण मोजले आणि तुमच्या मित्राने उद्या उत्तरेचा काठ मोजला, तर रात्रीतून इकडून तिकडे गेलेले पक्षी दोन्ही वह्यांत येतील. म्हणून चिलिकाची मोठी मोजणी एकाच दिवशी, सकाळी करतात. प्रत्येक तुकडीला आपली हद्द ठरवून दिलेली असते. हद्दीपलीकडे कितीही सुंदर पक्षी दिसला तरी तो तुमचा नाही. तो पाहावा, खूश व्हावे आणि वही मिटलेलीच ठेवावी.

धुके विरळ होते. पाण्यात कोळ्यांनी जाळ्यांसाठी ठोकलेले बांबू दिसू लागतात. लांबच लांब रांग. आणि प्रत्येक बांबूच्या टोकावर एकेक पांढरा ठिपका. हेच आपले सुरय. एका बांबूवर एकच बसतो, दुसरा आला तर भांडण. मोजणाऱ्याला हे भांडण फार सोयीचे पडते, कारण बांबू मोजले, रिकामे बांबू वजा केले, की झाले काम. आणखी एक गंमत पाहा. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून सुरय बसतात. पाठीकडून वारा आला तर पिसे उलटी होतात आणि चटकन उडताही येत नाही.

हे जे बांबूंवर बसले आहेत, ते बहुतेक कल्लेदार सुरय. उन्हाळ्यात यांचे डोके काळेकुळकुळीत, पोट गडद राखाडी आणि गालावर पांढरा पट्टा असतो. त्या पट्ट्यामुळे त्यांना कल्ल्यांचे नाव मिळाले. पण जानेवारीत पाहाल तर काय? काळी टोपी उतरलेली, पोट पांढरे, कल्ले गायब. डोळ्यामागे थोडीशी काळसर रेघ तेवढी उरते. सुरय मोजण्यात खरी अडचण आहे ती हीच. हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे सुरय एकमेकांसारखेच दिसू लागतात. शाळेच्या गणवेशात दुरून सगळी मुले सारखी दिसतात ना, तसे.

मग ओळखायचे कसे? आई आपल्या मुलाला गर्दीत चालीवरून ओळखते. सुरयाचेही तसेच आहे. कल्लेदार सुरय बुडी मारत नाही, उडता उडता वाकून पाण्याच्या पृष्ठभागावरचे भक्ष्य अलगद टिपतो. छोटा सुरय धपकन बुडी मारतो. आणखी एक जात आहे, तिची चोच कुरवासारखी आखूड, जाड आणि काळी. हा सुरय पाण्यापेक्षा चिखलावरच जास्त हिंडतो, आणि खेकडे, किडे, नाकतोडे खातो. आणि मधूनच एखादा येतो कॅस्पियन सुरय. हा सगळ्या सुरयांत मोठा. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मीटरहून जास्त भरतात. चोच गाजरासारखी जाड आणि लालभडक. हा उडत आला की बांबूंवरचे लहान सुरय अस्वस्थ होतात. याला ओळखायला दुर्बीणही लागत नाही. निदान असे पुस्तकात म्हटलेले असते. या वाक्याने मला एकदा कसे फसवले, ते पुढे सांगेन.

आता होडी बेटाजवळ आली. समोरच्या चिखलावर सुरयांचा मोठा थवा बसला आहे. एक, दोन, तीन असे मोजायला लागाल तर पन्नासावर पोचेपर्यंत थवा उडून जाईल. म्हणून मोजणारे एक युक्ती करतात. आई भाताला तांदूळ घेते तेव्हा दाणे मोजते का? मापट्याने मोजते. तसेच आधी नीट दहा पक्षी मोजायचे आणि दहा पक्ष्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरायचे. मग तेवढ्या दहा जागा जोडून शंभराचे माप तयार करायचे. आणि ते शंभराचे माप थव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठेवत जायचे. थव्याच्या मध्यभागी पक्षी दाट असतात आणि कडेला विरळ, हे मात्र विसरायचे नाही. शिवाय एकाने मोजून भागत नाही. तिघे वेगवेगळे मोजतात आणि मोजून होईपर्यंत कोणी आपला आकडा मोठ्याने बोलत नाही. समजा तुमचा आकडा आला ३४०, वनरक्षकाचा ३६० आणि तिसऱ्याचा ३५०. मग ३५० लिहायला हरकत नाही. पण एकाचे २०० आणि दुसऱ्याचे ५०० आले तर? सरासरी काढून मोकळे व्हायचे नाही. कोणीतरी चुकले आहे. पुन्हा मोजायचे.

अंदाज आणि नजर, हे दोन्ही शब्द उर्दूचेच, आणि या कामाचे सगळे भांडवल तेवढेच.

इतक्यात एकच गलका उठतो. दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी बेटावरून गेला आणि सगळा थवा हवेत! तुमची मोजणी पुसली गेली. अशा वेळी चिडून उपयोग नाही. होडी थांबवायची, चहा प्यायचा आणि ते पुन्हा बसण्याची वाट पाहायची.

ते पुन्हा बसतात. तुम्ही दुर्बिणीतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नजर फिरवता, आणि एका पक्ष्यावर नजर अडते. हा इतरांपेक्षा किंचित बारीक आहे. चोच नाजूक. डोळ्यामागचा काळा ठिपका रेघेसारखा मागे जात नाही, तर कानावर बसल्यासारखा खाली उतरलेला आहे. हा पांढऱ्या पंखांचा सुरय तर नसेल? भारतात हिवाळ्यात ही जात फार थोडी दिसते. तो उडाला तर कमरेचा रंग पाहता येईल. कल्लेदार सुरयाची कंबर पाठीसारखीच राखाडी असते, पांढऱ्या पंखांच्या सुरयाची कंबर पाठीपेक्षा फिकट असते. तुम्ही श्वास रोखून पाहता. तो उडतो, पण नेमका सूर्याच्या दिशेने. डोळ्यांसमोर फक्त चकाकी. दहा सेकंद, आणि तो थव्यात मिसळून गेला.

आता काय लिहाल?

तुमचे मन म्हणेल, लिही की. तूच तर पाहिलास. सगळ्या तुकड्यांत फक्त तुमच्या वहीत तो पक्षी येईल. संध्याकाळी सगळे तुमच्याकडे वळून पाहतील. शेजारच्या अनुभवी माणसाने तो पाहिलेलाच नाही, तो हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तो फक्त विचारतो, “कंबर दिसली का?”

नाही दिसली. मग वहीत लिहायचे, ‘सुरय, जात अनिश्चित, १’. आणि खाली, जे जे खरोखर दिसले ते: चोच बारीक, ठिपका कानावर, कंबर दिसली नाही. बस्स. हे लिहिताना जीवावर येते, हे मी अनुभवाने सांगतो.

एका पक्ष्याने असा काय फरक पडतो, असे तुम्ही विचाराल. या वह्यांचे पुढे काय होते ते ऐका. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर या गावी अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी पाणथळ जागा वाचवण्याचा एक करार केला. कुठली जागा साऱ्या जगाच्या दृष्टीने महत्त्वाची हे ठरवायला पुढे नियम केले गेले. एक नियम असा, की जिथे नेहमी २० हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी येतात ती जागा महत्त्वाची. दुसरा नियम असा, की एखाद्या जातीच्या एकूण पक्ष्यांपैकी शंभरात एक जरी त्या जागी नेहमी येत असेल, तरी ती महत्त्वाची. म्हणजे एखाद्या जातीचे एक लाख पक्षी असतील, तर एक हजार पुरे. आता लक्षात आले? जात दुर्मीळ असेल तर थोड्याशा पक्ष्यांवरही एखाद्या तळ्याचे नशीब ठरू शकते. तिथे खोटा आकडा म्हणजे खोटी गवाही. आणि ती एकदा कागदावर गेली की वीस-तीस वर्षे तशीच राहते. मागाहून वाचणाऱ्याला वाटते, अरे, पूर्वी इथे ही जात येत होती, आता येत नाही, नक्की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात ती कधी आलेलीच नसते!

चिलिका १९८१ मध्ये या कराराच्या यादीत आले. त्या वर्षी भारतातल्या दोनच जागा यादीत घेतल्या गेल्या, चिलिका आणि राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव. पण पुढे चिलिकावर वाईट दिवस आले. नद्यांनी आणलेल्या गाळाने सरोवर भरत चालले. समुद्राकडे जाणारे तोंड वाळूने अरुंद होत गेले आणि सरकत सरकत दूर गेले. खारे पाणी आत येईना. पाण्यावर गोड्या पाण्यातले तण पसरले. मासे घटले. १९९० नंतरच्या दशकाच्या शेवटी वर्षाची मासळी दोन हजार टनांच्याही खाली घसरली. त्यातच कोळंबीसाठी जाळी लावून पाणी अडवणाऱ्यांनी तळ्याचे तुकडे पाडले. १९९३ मध्ये चिलिकाचे नाव बिघडत चाललेल्या जागांच्या यादीत टाकले गेले.

मग पाण्याचा अभ्यास झाला आणि समुद्राशी जोडणारे नवे तोंड खोदायचे ठरले. सप्टेंबर २००० मध्ये ते उघडले. भरतीचे पाणी पुन्हा आत शिरू लागले, तण मागे हटले. काही वर्षांतच मासळी दहा हजार टनांच्या वर गेली. २००२ मध्ये चिलिकाचे नाव त्या वाईट यादीतून काढले गेले. नाव यादीत घालायला काय लागले आणि काढायला काय लागले? दोन्ही वेळा मोजमापे. पाण्याच्या खारटपणाची, मासळीची, तणाची आणि पाखरांची. अलीकडच्या वर्षांत चिलिकाच्या जानेवारीतल्या मोजणीत दहा लाखांहून जास्त पक्षी भरले आहेत.

त्याच काळात सरोवराच्या उत्तर काठावरच्या मंगळाजोडी गावातही एक बदल झाला. त्या गावातले कित्येक लोक पूर्वी पक्ष्यांची शिकार करून ते बाजारात विकत. समजूत घालणाऱ्यांनी पुष्कळ दिवस समजूत घातली, आणि मग त्यांच्यातल्याच काहींनी पक्ष्यांवर पहारा देण्याचे काम हाती घेतले. आज तेथील नावाडी पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवून पोट भरतात. थवा कुठे बसेल आणि कधी उडेल हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? शिकाऱ्याची नजरच ती! मला वाटते, मोजणीच्या होडीत पुस्तक वाचलेल्या दोन माणसांपेक्षा असा एक नावाडी जास्त मोलाचा.

पण सुरय पाहायला ओडिशालाच जायला हवे असे नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावरही हिवाळ्यात सुरय येतात. वेंगुर्ल्यापासून दूर समुद्रात काही खडक आहेत. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथे सुरय घरटी करतात. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी या खडकांवर जाऊन तेथील सुरयांचा अभ्यास केला आणि १९४० च्या सुमारास त्यावर लेख लिहिला. डॉ. सलीम अली यांचे नाव तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. अब्दुलअली हे त्यांच्या नात्यातलेच. ते नोंदींच्या बाबतीत फार काटेकोर होते. पुरावा नसेल तर कोणाचीही नोंद मान्य करीत नसत.

आता माझी गोष्ट. बी. एड. होऊन मी नुकताच शाळेत लागलो होतो. आमची शाळा खाडीजवळ. डिसेंबरमध्ये मी आठवीच्या मुलामुलींना घेऊन खाडीच्या तोंडाशी पक्षी पाहायला गेलो. वाळूच्या पट्ट्यावर सुरय बसले होते, आणि त्यांत एक चांगला मोठा, रंगीत चोचीचा. माझ्या तोंडून निघून गेले, “मुलांनो, कॅस्पियन सुरय!” पुस्तकातले चित्र डोळ्यांसमोर होते, आणि आपण काहीतरी विशेष पाहिले याचा आनंद झाला होता. वर्गात एकच दुर्बीण. ती हातोहात फिरली. एक मुलगी दुर्बीण सोडेना. म्हणाली, “सर, चोच लाल नाही, नारिंगी आहे.” मी म्हणालो, “उन्हामुळे तसे वाटते.” ती पुन्हा म्हणाली, “आणि बारीक आहे.” मी म्हटले, “पुरे, आता पुढच्याला दे.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भित्तिपत्रकात मोठ्या अक्षरांत बातमी लागली. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. दोन आठवड्यांनी एका जाणत्या पक्षिनिरीक्षकाबरोबर त्याच जागी गेलो. तोच पक्षी त्याच पट्ट्यावर बसलेला. त्यांनी दुर्बीण लावली आणि हसून म्हणाले, “हा तर तुरेवाला सुरय, तुरेवाल्यांतला लहान. कोकणात दर हिवाळ्यात येतो. चोच पाहा ना, कशी नारिंगी आणि बारीक.”

मी भित्तिपत्रकावरची बातमी खोडली आणि खाली खरे नाव लिहिले. शिक्षकाने सगळ्या शाळेसमोर आपले वाक्य खोडणे सोपे नव्हते. पण त्याहून जड गेले ते नंतर वह्या तपासताना. वर्गातल्या सगळ्या वह्यांत, मी सांगितले म्हणून, ‘कॅस्पियन सुरय, चोच लाल’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. फक्त त्या मुलीच्या वहीत नाव लिहायची जागा रिकामी होती, आणि पुढे पेन्सिलीने लिहिले होते, “सुरय ११. त्यांतला एक मोठा. चोच नारिंगी. सर लाल म्हणतात.”